मास्टर चार्टपासून निष्कर्षापर्यंत : वैद्यकीय संशोधनात सांख्यिकीय सॉफ्टवेअरचा वापर

वैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात शोधप्रबंध अनिवार्य असल्यामुळे दरवर्षी आपल्याकडील शेकडो तरुण डॉक्टर बाह्यरुग्ण विभागाची गर्दी आणि रात्रपाळीचा शीण सांभाळून रुग्णांच्या नोंदी गोळा करतात. त्या नोंदींचा एक भलाथोरला तक्ता, ज्याला सर्व महाविद्यालयांत मास्टर चार्ट असेच म्हटले जाते, तयार करतात. आणि प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ येऊन ठेपली म्हणजे तो तक्ता सांख्यिकीच्या एखाद्या जाणकारापुढे ठेवून ‘एवढी पी-व्हॅल्यू काढून द्या’ अशी गळ घालतात. जाणकार कर्तव्यदक्ष असला तर तो चार प्रश्न विचारतो, आणि त्यांची उत्तरे देता देता विद्यार्थ्याच्या ध्यानी येते की, विश्लेषणाला जी माहिती अत्यावश्यक होती ती गोळाच झालेली नाही, आणि जी कष्टाने गोळा केली तिच्यातील बराच भाग मूळ प्रश्नाच्या कामी येण्यासारखा नाही. त्या वेळी रुग्ण घरी गेलेले असतात, केस पेपर दप्तरात बंद झालेले असतात, आणि झालेली उणीव भरून काढण्याचा कोणताही उपाय जगातील कोणत्याही सॉफ्टवेअरपाशी नसतो.

हा क्रम उलटला पाहिजे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. सॉफ्टवेअर दिलेली आज्ञा तंतोतंत पाळते. ती आज्ञा योग्य होती की अयोग्य, याची शहानिशा करणे हे त्याचे काम नव्हे. रक्तगटांना १, २, ३, ४ असे संकेतांक देऊन कोणी त्यांची सरासरी मागितली, तर ते २.३ असे उत्तर बिनतक्रार देईल, आणि त्या उत्तराला दशांश स्थळापर्यंतची अचूकताही बहाल करील. म्हणून पहिला रुग्ण अभ्यासात दाखल होण्यापूर्वीच, सिनॉप्सिस लिहितानाच, एका कागदावर विश्लेषणाचा मसुदा तयार झाला पाहिजे: अभ्यासाचा प्रश्न कोणता, त्याचे उत्तर ज्या एका मोजमापावर ठरावयाचे ते प्रधान फलित कोणते, ते केव्हा व कशाने मोजावयाचे, तुलना कोणाची कोणाशी, आणि ती कोणत्या पद्धतीने करावयाची. अंतिम तक्ते कसे दिसतील त्यांची रिकामी चौकटही त्याच वेळी आखून ठेवावी; चौकटीतील एखादे घर कोणत्या नोंदीवरून भरावयाचे हे सांगता आले नाही, तर ती नोंद केस रेकॉर्ड फॉर्ममध्ये राहून गेली आहे हे तेव्हाच कळते. उपचारांची चाचणी असेल तर २००७ मध्ये सुरू झालेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या नोंदणीदप्तरात प्रधान फलित आधीच जाहीर करावे लागते, आणि ही अट त्रासदायक वाटली तरी ती संशोधकाच्या हिताचीच आहे. कारण आकडे हाती आल्यावर, जेथे फरक चांगला दिसला तेच आपले प्रधान फलित होते असे म्हणण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही होतो.

सॉफ्टवेअर कोणते निवडावे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, पण त्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देऊ नये. एसपीएसएस १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी तयार झाले आणि आज ते आयबीएम या कंपनीच्या मालकीचे आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचाच परिचय अधिक, कारण त्यातील बहुतेक कामे यादीतून निवड करून होतात. १९८५ मध्ये आलेले स्टाटा रोगपरिस्थितीविज्ञानाच्या अभ्यासकांत मान्यता पावलेले आहे, तर औषधकंपन्यांच्या चाचण्यांत सॅसचे प्राबल्य आहे. ही तिन्ही विकत घ्यावी लागतात, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी चोरट्या प्रतींच्या नादी लागू नये. कारण न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली, २००० साली पहिल्या पूर्ण आवृत्तीनिशी प्रसिद्ध झालेली आर ही भाषा सर्वांना विनामूल्य खुली आहे, आणि सामर्थ्यात ती कोणाहून उणी नाही. आज्ञा लिहिण्याचे भय ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आरच्याच पायावर उभे असलेले जामोव्ही आहे. त्यात यादीतून निवड करता येते, आणि त्या निवडीमागील आरची आज्ञाही पाहता येते. ज्याला एकच प्रबंध लिहून रुग्णसेवेकडे वळावयाचे आहे त्याने जामोव्ही किंवा महाविद्यालयात असेल तर एसपीएसएस घ्यावे. ज्याला पुढे अनेक वर्षे संशोधन करावयाचे आहे त्याने पहिल्या काही महिन्यांची दगदग सोसून आर शिकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदी भरण्यासाठी मात्र बहुतेक जण एक्सेलच वापरतात. एक्सेल हे हिशेबाचे उत्तम साधन आहे, परंतु संशोधनाच्या नोंदवहीत जो कडकपणा लागतो तो त्याच्या स्वभावात नाही; आपण लिहिलेल्या मजकुराचा ते आपल्या समजुतीने अर्थ लावते आणि तो बदलून टाकते. आनुवंशिकीच्या क्षेत्रात या प्रकाराने किती हाहाकार माजविला हे सर्वश्रुत आहे: ‘सेप्ट’ व ‘मार्च’ या अक्षरांनी सुरू होणारी जनुकांची संक्षिप्त नावे एक्सेलने सप्टेंबर व मार्च महिन्यांतील तारखा समजून बदलली, २०१६ मधील एका पाहणीत एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या, आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीलाच त्या जनुकांची नावे बदलावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नसल्यामुळे कोविडच्या जवळजवळ १६,००० रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध काही दिवस लांबला. आपल्या तक्त्यात जनुके नसतील आणि ओळीही दोनशेच असतील. पण तारखा निश्चित असतात, आणि ०५/०६/२०२३ ही तारीख पाच जूनची की सहा मेची, हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून राहते. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात आणि पुढच्या तारखा केवळ मजकूर म्हणून पडून राहतात, त्यामुळे रुग्णालयातील वास्तव्याचे दिवस मोजताना काही आकडे चक्क ऋण येतात. तारीख नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने, वर्षाचे चारही अंक देऊन लिहावी, म्हणजे संशयाला जागा उरत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे नोंदींसाठीच घडविलेले साधन वापरणे. एपीडेटा व अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे एपी इन्फो ही दोन्ही विनामूल्य आहेत. मोठ्या संस्थांत व्हँडरबिल्ट विद्यापीठात घडलेले रेडकॅप असते. यांत प्रत्येक रकान्याला मर्यादा घालता येते, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जागी चुकून १०५ टंकले गेले तर यंत्र तेथेच अडविते. आणि एकाच कागदावरील नोंद दोघांनी स्वतंत्रपणे भरून दोन्ही प्रतींचा ताळा घेण्याची सोय एपीडेटात आहे. दुबार नोंद हे काम कंटाळवाणे खरे, परंतु ज्यांनी ते एकदा केले त्यांना एकेरी नोंदीवर विश्वास ठेवणे पुढे जड जाते. एक्सेलच वापरणे भाग पडले तर निदान एवढे नियम पाळावेत: एका ओळीत एक रुग्ण किंवा एक भेट, एका रकान्यात एकच गोष्ट, शीर्षकाची ओळ एकच, जोडलेली घरे नकोत, आणि रंगाने काहीही दर्शवू नये, कारण ‘पिवळ्या ओळीतील रुग्ण मधुमेही’ हे सॉफ्टवेअरला दिसत नाही. ‘पु.’, ‘पुरुष’, ‘एम’ आणि ‘मेल’ हे आपल्या डोळ्यांना एक असले तरी यंत्राच्या लेखी ते चार निरनिराळे वर्ग आहेत. आणि वजनाच्या रकान्यात एकदाच जरी ‘५२ किलो’ असे लिहिले, तरी तो सारा रकाना आकड्यांचा न राहता मजकुराचा होतो. रक्तशर्करा मिलिग्रॅममध्ये की मिलिमोलमध्ये, हे रकान्याच्या नावातच यावे. दोन प्रयोगशाळांचे अहवाल एकत्र येतात तेथे अठरापटीचा हा फरक सहज निसटतो. आणि प्रत्येक रकान्याचे नाव, अर्थ, एकक, संकेतांक व ग्राह्य मर्यादा सांगणारे एक स्वतंत्र टिपण मास्टर चार्टबरोबर असावे, नाहीतर सहा महिन्यांनी ‘गट २’ म्हणजे औषधाचा गट की तुलनेचा, हे खुद्द संशोधकालाही खात्रीने सांगता येत नाही.

गहाळ नोंदींचा विषय थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. माहिती मिळाली नाही तेथे ९९ लिहिण्याची जुनी चाल आहे, आणि ९९ म्हणजे ‘अप्राप्त’ असे सॉफ्टवेअरला आधी सांगितलेले असेल तर तिच्यात काही वावगे नाही. पण सांगावयाचे राहून गेले तर काय होते ते पाहा. समजा, शंभर स्त्रियांपैकी ९७ जणींच्या हिमोग्लोबिनची सरासरी १०.५ आहे आणि तिघींच्या घरांत ९९ हा संकेत आहे. तो संकेत खरा आकडा समजून सॉफ्टवेअर शंभर जणींची सरासरी १३.२ अशी काढील, आणि गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीला १२ ही सीमा मानणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने हा रक्तक्षयग्रस्त समूह कागदावर निरोगी ठरेल. घर कोरे ठेवले तर हा धोका टळतो, पण दुसरा उद्भवतो. अनेक चलांचे समीकरण मांडताना ज्या रुग्णाची एकही नोंद रिक्त असेल तो रुग्णच बहुतेक सॉफ्टवेअर गाळून टाकतात, आणि त्याची वार्ता निष्कर्षाच्या तळाशी एखाद्या ओळीत देतात. पाच चलांपैकी प्रत्येकात दहा टक्के नोंदी परस्परांशी संबंध नसताना गहाळ असतील, तर २०० रुग्णांपैकी सुमारे ११८ च हिशेबात उरतात. आणि गाळले गेलेले ८२ जण बहुधा तेच असतात जे तपासणीला परत येऊ शकले नाहीत, म्हणजे जे अधिक आजारी, अधिक दूरचे किंवा अधिक गरीब होते. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली प्रत्यक्ष किती रुग्णांवर हिशेब झाला तो आकडा पाहावा आणि तो प्रबंधात लिहावा.

आता ज्या एका सवयीमुळे पुढचे सर्व श्रम वाचतात आणि अब्रूही राखली जाते तिच्याकडे वळू. ती सवय म्हणजे मूळ नोंदवहीला कधीही हात न लावणे, आणि तिच्यावर केलेली प्रत्येक क्रिया आज्ञेच्या रूपाने लिहून ठेवणे. मूळ फाइल वाचनापुरती खुली ठेवून एकीकडे जपावी. चुकीचे वय दुरुस्त करणे, वयोगट पाडणे, दोन तक्ते जोडणे, रुग्ण वगळणे ही सर्व कामे तिच्या नकलेवर, लिखित आज्ञांनी करावीत, आणि वगळण्याचे कारण आज्ञेशेजारी टिपून ठेवावे. आरमध्ये आज्ञा लिहाव्याच लागतात, आणि स्टाटातही त्या लिहिता येतात. एसपीएसएसमध्ये यादीतून निवड केल्यावर ‘ओके’ ऐवजी ‘पेस्ट’ ही कळ दाबली की तीच निवड लिखित आज्ञेच्या रूपाने वेगळ्या फाइलमध्ये उतरते, आणि ही कळ कित्येकांना ठाऊकही नसते. तक्त्यात हातानेच फिरवाफिरव केली तर तिची कोणतीही खूण मागे राहत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कर्करोगाच्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे जनुकांच्या क्रियाशीलतेवरून सांगण्याचा दावा केला गेला, आणि त्यावर विसंबून रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. तेव्हा ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून सर्व हिशेब मागे मागे उलगडत नेला, आणि २००९ मध्ये दाखवून दिले की जनुकांच्या याद्या एका ओळीने खाली सरकल्या होत्या, आणि काही ठिकाणी औषधाला दाद देणारे व न देणारे यांच्या चिठ्ठ्याच अदलाबदल झाल्या होत्या. पुढे त्या प्रकरणात याहून गंभीर गोष्टीही बाहेर आल्या, चाचण्या थांबविण्यात आल्या आणि निबंध मागे घेण्यात आले. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते एवढ्याकडेच की, एक ओळ सरकणे ही कोणाच्याही हातून होण्यासारखी गोष्ट आहे, आणि आज्ञा लिहून ठेवलेल्या असत्या तर ती कोणत्याही चौकस सहकाऱ्याला एका बैठकीत सापडली असती.

हिशेब सुरू करण्यापूर्वी आकडे डोळ्यांनी पाहावेत. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची सरासरी, विचलन, सहसंबंधाचा गुणांक आणि त्यांतून काढलेली रेषा ही जवळजवळ तंतोतंत सारखी, पण आलेख काढताच एक संच सरळ रेषेचा, दुसरा वक्राचा, तिसरा एका भरकटलेल्या बिंदूने रेषेला आपल्याकडे ओढणारा आणि चौथा तर एकाच एकाकी बिंदूच्या आधारावर उभा, असे दिसते. हे संच आरमध्ये आधीच अंतर्भूत आहेत. नवशिक्याने पहिल्याच दिवशी ते काढून पाहावेत. आपल्या मास्टर चार्टमधील प्रत्येक चलाचा आलेख काढला आणि संबंधित चले एकमेकांशी ताडून पाहिली म्हणजे २१० वर्षांचा रुग्ण, शून्य रक्तदाबाचा जिवंत माणूस आणि पुरुषाच्या नावापुढे लागलेले गर्भारपण ही सर्व आपण होऊन पुढे येतात. वास्तव्याचे दिवस, रोगजंतूंची संख्या, उपचाराचा खर्च यांसारखी मोजमापे एका बाजूला लांबवर पसरलेली असतात. त्यांची सरासरी व प्रमाण विचलन देण्यापेक्षा मध्यक आणि चतुर्थकांची व्याप्ती देणे अधिक सत्य ठरते.

कसोटी निवडण्याच्या बाबतीत विद्यार्थी नेहमी असा एखादा तक्ता मागतात ज्यात चलाचा प्रकार पाहिला की कसोटीचे नाव मिळावे. असे तक्ते पुस्तकांत आहेत आणि प्रारंभी त्यांचा उपयोगही होतो. पण त्यांत बहुधा एक प्रश्न नसतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो: परस्परांपासून स्वतंत्र असलेले एकक कोणते? तीस रुग्णांचे साठ डोळे तपासले म्हणजे साठ स्वतंत्र निरीक्षणे झाली असे नव्हे, कारण एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखेच वागण्याचा संभव असतो. उपचारापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब हे एकाच व्यक्तीचे असल्यामुळे तेथे जोडीची कसोटी हवी, दोन निराळ्या गटांची नव्हे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा जो प्रयोग केला, आणि ज्याचा अहवाल १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध होऊन साऱ्या जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले, त्यात ३९ गावांत ही सेवा दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. अशा कामात हस्तक्षेप गावाला मिळतो, एकेका बालकाला स्वतंत्रपणे नव्हे, आणि एकाच गावातील बालके पाणी, रस्ता, दाई, चालीरीती या सर्वांत एकमेकांची वाटेकरी असतात. समजा, प्रत्येक गावात ५० बालके आहेत आणि गावातल्या गावात साम्याचा गुणांक अवघा ०.०२ आहे, तरीही हिशेबात १ + ४९ × ०.०२, म्हणजे १.९८ हा भाजक लागतो, आणि दोन हजार बालकांच्या माहितीचे बळ जेमतेम हजार बालकांइतके उरते. गावाचा रकाना मास्टर चार्टमध्ये असला, पण विश्लेषणात तो घेण्याची आज्ञा दिली नाही, तर सॉफ्टवेअर तो पाहणार नाही. ते दोन हजार बालके मानूनच चालेल आणि जितका विश्वास बाळगण्याचा अधिकार नाही तितका विश्वास उत्तरात दाखवील.

एक खरे उदाहरण हाती घेऊ. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी आधुनिक चिकित्सा-परीक्षांची जननी मानली जाते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, जे स्वतः तरुणपणी क्षयाने आजारी होते, यदृच्छ अंकांवरून रुग्णांची विभागणी ठरविली आणि ती मोहोरबंद पाकिटांत ठेवून रुग्ण दाखल करणाऱ्या डॉक्टरांपासून गुप्त राखली. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ आणि केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले. हे चार आकडे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहावेत. आरला काय-वर्ग कसोटीची साधी आज्ञा दिली तर पी-मूल्य ०.०१४ येते, एसपीएसएस मात्र त्याच तक्त्यावर पहिल्या ओळीत ०.००७ दाखविते. नवशिक्या येथे गोंधळतो, आणि दोहोंतील एक सॉफ्टवेअर सदोष असावे असा तर्क करतो. वस्तुतः दोन-दोनच्या तक्त्यावर आर न सांगता येट्स यांची सातत्य-दुरुस्ती लावते, आणि एसपीएसएस आधी दुरुस्तीविना व खालच्या ओळीत दुरुस्तीसह, अशी दोन्ही उत्तरे देते. टी-कसोटीतही असेच: आर आपण होऊन वेल्च यांची, दोन गटांचे विचलन समान न मानणारी रीत वापरते, एसपीएसएस दोन ओळी छापते आणि निवड आपल्यावर सोडते. आपल्या साधनाने न विचारता कोणती गृहीते स्वीकारली आहेत, हे त्याच्या मार्गदर्शिकेत वाचणे म्हणूनच अपरिहार्य आहे. आणि कोणती ओळ घ्यावयाची हे उत्तर पाहून नव्हे, आधीच्या मसुद्यात ठरलेले असावे.

पण त्या तक्त्यातून वैद्याला हवे ते उत्तर पी-मूल्यात नाहीच. मृत्यूचे प्रमाण एका गटात ७ टक्के व दुसऱ्यात २७ टक्के, म्हणजे फरक सुमारे २० टक्क्यांचा, आणि त्याचे ९५ टक्के विश्वासांतराल अदमासे ६ ते ३४. पाच रुग्णांना औषध द्यावे तेव्हा सहा महिन्यांत एक मृत्यू टळतो, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. धोक्याचे गुणोत्तर ०.२७, त्याचे अंतराल साधारण ०.१० ते ०.७७, म्हणजे औषधाचा गुण निश्चित दिसतो, पण तो प्रचंड आहे की बेताचा, हे १०७ रुग्णांवरून नेमके सांगता येत नाही. अंतरालाची रुंदी ही अज्ञानाची प्रामाणिक मोजणी आहे, आणि पी-मूल्य ती दाखवीत नाही. ०.०५ ही सीमा रोनल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथातून रूढ झाली, आणि पुढे तिचे इतके स्तोम माजले की २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावे लागले की, पी-मूल्याने परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजले जात नाही. एसपीएसएस ०.००० असे छापते तेव्हा ते ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे. शून्य संभाव्यता असा त्याचा अर्थ नाही.

सॉफ्टवेअरमुळे एक नवे प्रलोभन उत्पन्न झाले आहे, ते म्हणजे सुलभतेचे. हाताने काय-वर्ग काढणारा माणूस वीस कसोट्या करण्यापूर्वी विचार करीत असे; आज त्या काही क्षणांत होतात. मुळात कोठेही फरक नसताना वीस स्वतंत्र कसोट्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक ०.०५ च्या आत येण्याची शक्यता ६४ टक्के असते, आणि जो विद्यार्थी मास्टर चार्टमधील प्रत्येक रकाना प्रत्येक रकान्याशी ताडून पाहतो त्याला काही ना काही सापडल्यावाचून राहत नाही. असे शोधणे निषिद्ध नाही; परंतु जे आधी ठरविले होते ते एका प्रकरणात, आणि जे शोधता शोधता आढळले ते ‘पुढील अभ्यासासाठी’ असे स्पष्ट सांगून दुसऱ्या प्रकरणात, अशी विभागणी करावी, आणि एकूण किती कसोट्या केल्या तो आकडा द्यावा. तीच गोष्ट अनेक चलांच्या समीकरणांची: ज्या अभ्यासात एकूण ३० मृत्यू झाले त्यात बारा कारणांचा भार समीकरणावर टाकणे, आणि त्यांतील कोणती ठेवावयाची याची निवड यंत्राच्या स्वयंचलित पद्धतीवर सोपविणे, म्हणजे योगायोगाला सिद्धान्ताचा दर्जा देणे होय. कोणती कारणे समीकरणात घ्यावीत हे रोगाच्या ज्ञानावरून ठरते, आणि तेथे मार्गदर्शक प्राध्यापकाचा अनुभव सॉफ्टवेअरपेक्षा शतपटींनी मोलाचा आहे.

प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात ‘विश्लेषण एसपीएसएसने केले’ एवढेच वाक्य पुरेसे नाही. सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, वापरलेल्या जोड-संचांची नावे, प्रत्येक प्रश्नासाठी कोणती कसोटी, गहाळ नोंदींचे काय केले, हे सर्व तेथे यावे. आवृत्ती लिहिणे हा निव्वळ उपचार नव्हे: २०१९ च्या ३.६.० या आवृत्तीत आरने यदृच्छ निवडीची पद्धत बदलली, त्यामुळे तोच बीजांक देऊनही जुन्या व नव्या आवृत्तीत निराळे रुग्ण निवडले जाऊ शकतात. आणि कृत्रिम बुद्धीच्या साधनांकडून आज्ञा लिहून घेण्याची जी रीत आता पडत आहे, तिच्याविषयी एवढेच सांगतो की, लिहून मिळालेली प्रत्येक ओळ काय करते हे स्वतःला समजावून सांगता आल्यावाचून ती चालवू नये, आणि रुग्णांच्या नोंदी अशा साधनांत कदापि चिकटवू नयेत.

सर्व हिशेब आटोपला म्हणजे एक फोल्डर तयार करावे. त्यात रुग्णांची नावे, दूरध्वनी, नोंदणी क्रमांक व पत्ते काढून टाकलेली मूळ नोंदवहीची नक्कल, रकान्यांचा अर्थ सांगणारे टिपण, आज्ञांची फाइल आणि नीतिसमितीने मान्य केलेल्या मसुद्याची प्रत असावी. नाव आणि संकेतांक यांची सांगड घालणारी यादी मात्र वेगळी, कुलपात, विभागाच्या ताब्यात राहावी. मग विश्लेषणात ज्याचा हात नाही अशा एखाद्या सहाध्यायाला ते फोल्डर देऊन त्याच्या संगणकावर, तोंडी काहीही न सांगता, आज्ञा पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत चालवावयास सांगावे, आणि निघालेला प्रत्येक आकडा प्रबंधातील तक्त्यांशी ताडून पाहावा. जेथे फरक निघेल तेथे कारण सापडेपर्यंत थांबावे. सर्व तक्ते जुळले म्हणजे मार्गदर्शकांची सही घेऊन प्रबंध बांधणीला द्यावा.